दहा दिवसांचं बिल

माझे मामा पंचवीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्था आणि पतसंस्थांना सॉफ्टवेअर करून देतात. राजारामपुरीत वर घर, खाली ऑफिस, सहा पोरं कामाला. मी पुण्यात असते. अंध, कर्णबधिर, हाताची बोटं नीट न चालणारी माणसं एखादी वेबसाइट किंवा अ‍ॅप वापरू शकतात का, हे तपासणं माझं पोटापाण्याचं काम. मी जन्मापासून अंध आहे. ‘दिव्यांग’ हा शब्द कायद्यात आहे म्हणून कागदावर तो लिहिते. घरात आणि मनात मी अंधच आहे, आणि त्या शब्दात मला काही कमीपणा वाटत नाही.

एरवी फोनवर “कधी येतीस?” एवढंच विचारणारे मामा मध्यंतरी म्हणाले, “रविवारी येच. एक पत्र आलंय. तुझ्या खात्यातलं आहे.”

पत्र एका पतसंस्थेचं होतं. सभासदांसाठी केलेलं अ‍ॅप दिव्यांगांच्या कायद्याला धरून आहे का, असं संस्थेला तिच्या लेखापरीक्षकानं विचारलं होतं. संस्थेनं तो प्रश्न जसाच्या तसा मामांकडं ढकलला होता आणि महिन्याभरात प्रमाणपत्र मागितलं होतं. जेवणं झाली, मामी आत आवराआवर करायला गेल्या, मामांची खुर्ची माझ्या समोर सरकल्याचा आवाज आला.

“हे बघ, मी काय तुझ्या विरोधात नाही. पण एक सांग. हा कायदा माझ्यासारख्याला आहे का? मोठ्या बँकांना असेल, सरकारी खात्यांना असेल. ही एवढीशी तालुक्याची संस्था!”

“कायद्यात सहकारी संस्था असा शब्दच आहे, मामा. २०१६ च्या कायद्यात खासगी आस्थापना कुणाला म्हणायचं याची यादी आहे. कंपनी, फर्म, सहकारी किंवा इतर संस्था, ट्रस्ट, कारखाना, सगळे त्यात आले. आणि कलम ४६ सांगतं की सेवा देणारा सरकारी असो नाहीतर खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत त्याची सेवा सर्वांना वापरता आली पाहिजे. नियम निघाले जून २०१७ मध्ये.”

“म्हणजे एकोणीस साली मुदत संपली.”

“संपली. पत्र आत्ता आलं एवढंच.”

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग इतकी वर्षं कुणी विचारलं कसं नाही? मी सांगतो. मी पण वाचलंय थोडं. पहिल्यांदा कायदा मोडला तर दंड दहा हजारांपर्यंत.”

“आणि पुढच्या वेळेला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.”

“पुढची वेळ येतीय कुणावर? पहिलीच कुणावर आली नाही आमच्या ओळखीत. दहा हजारांत तुझं ऑडिटसुद्धा होत नाही. धंद्यातला माणूस काय करील सांग? दंड आला तर भरून मोकळा होईल.”

यावर माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. दंडाच्या भीतीनं कुणी माझ्यासाठी दार उघडावं हे मला स्वतःलाही फार आवडत नाही. पण त्यांच्या प्रश्नाचा एक भाग असा होता की त्याचं उत्तर देणं भाग होतं: इतकी वर्षं कुणी विचारलं का नाही? कारण खुद्द नियमांनीच ती सोय ठेवली होती. संसदेनं केलेला कायदा ‘केलंच पाहिजे’ म्हणत होता आणि त्याच्याखाली सरकारनं केलेला नियम १५ वेगवेगळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांकडं बोट दाखवत होता. सूचना म्हणजे केल्या तर उत्तम. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात नेमकं यावर बोट ठेवलं. कायदा सक्ती सांगत असेल तर नियमाला ती सैल करता येत नाही, म्हणून नियम १५(१) कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, आणि ज्यात तडजोड चालणार नाही अशी किमान मानकं तीन महिन्यांत करा असं केंद्र सरकारला सांगितलं. मूळ याचिका २००५ सालची. एकोणीस वर्षं एक अंध माणूस रस्ते, इमारती आणि वाहनं वापरता यावीत म्हणून न्यायालयात उभा होता.

“तुम्ही म्हणता कुणी विचारलं नाही,” मी म्हटलं, “विचारत होते. उत्तर यायला वेळ लागला.”

“बरं, राहू दे ते. माझ्या अ‍ॅपचा आणि रस्त्याचा काय संबंध?”

मग मी त्यांना दुसरा निकाल सांगितला, ३० एप्रिल २०२५ चा, प्रज्ञा प्रसून खटल्यातला. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेली एक बाई खातं उघडायला बँकेत जाते. खातं उघडायचं तर समोरचा माणूस जिवंत आहे याची खात्री यंत्राला करून द्यायची असते, आणि ती खात्री म्हणजे कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावणं. तिला पापण्या मिटता येत नाहीत.

“मग?” मामांनी विचारलं.

“मग नाही उघडलं खातं. ती बाई बँकेत समोर उभी आहे. कर्मचारी तिच्याशी बोलतोय. आणि यंत्र म्हणतंय की ती जिवंत असल्याचं सिद्ध होत नाही.”

मामांची खुर्ची करकरली. आतून भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे मामीही ऐकत होत्या.

त्या निकालात न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. डोळे मिचकावण्याशिवाय दुसरा मार्ग ठेवा. सही करता येत नसेल तर अंगठ्याच्या ठशाचं चित्र चालवून घ्या. कागदावरची केवायसी बंद करू नका. ठरावीक काळानं तपासणी करून घ्या. आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो निर्देश: अ‍ॅप किंवा वेबसाइट तयार होत असताना अंध माणसांकडून ती वापरून बघा. जुलै २०२५ च्या अखेरीला सेबीनं शेअर बाजारातल्या आपल्या अखत्यारीतल्या सगळ्यांना परिपत्रक काढून हा कायदा पाळायला सांगितलं. संस्थेच्या लेखापरीक्षकाला जाग आली ती या वाऱ्यानं, असं मी मामांना म्हटलं. हा माझा अंदाज, पण चुकीचा नसावा.

“कोर्टानं सांगितलं ते चांगलंच सांगितलं,” मामा म्हणाले. आवाज मऊ झाला होता, पण माघार नव्हती. “पण पैसे कोण देणार ते सांगितलं का? मी संस्थेला दर देतो तेव्हा शेजारी दुसरा बसलेला असतो माझ्या निम्म्या दरात करणारा. संस्था काय बघते? आकडा. मी त्यात ‘अंधांसाठी सोय, वीस हजार’ अशी ओळ घातली, तर पहिली तीच ओळ खोडतात.”

“ती ओळ घालताच का? जिना बांधताना कठड्याचे पैसे वेगळे लावता का?”

“जिन्याला कठडा नसला तर माणूस पडतोय ते सगळ्यांना दिसतं.”

हे वाक्य मी पुण्याला येईपर्यंत डोक्यात घेऊन आले. ते खरं आहे. मी जिथं पडते ते कुणाला दिसत नाही.

म्हणून मी म्हटलं, तुमचा फोन द्या, तुमचंच अ‍ॅप उघडू. टॉकबॅक चालू केलं. टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड फोनमधली वाचून दाखवणारी सोय. बोट जिथं जाईल तिथं काय आहे ते ती बोलते. पैसे पडत नाहीत. कॉम्प्युटरवर तेच काम एनव्हीडीए करतं, तेही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते उभं केलं, आणि ते मराठीही बोलतं. मी मामांच्या अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावरून बोट फिरवलं.

“बटण,” फोन म्हणाला. “बटण. संपादन चौकट. संपादन चौकट. बटण.”

“कशाचं बटण?” मामांनी विचारलं.

“तेच मी विचारतेय. तुमच्या पोरानं तिथं चित्र ठेवलंय, नाव ठेवलं नाही. डोळ्यांना चित्र पुरतं. फोनला कळत नाही. त्या बटणाच्या कोडात ‘लॉगिन’ एवढा एक शब्द लिहायचा. त्याला वीस हजार लागत नाहीत. अ‍ॅप पूर्ण झाल्यावर तीनशे बटणं शोधत फिरायची म्हटलं तर लागतील.”

जगभर हेच आहे. वेबएम नावाची अमेरिकी संस्था दर वर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्रानं तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या. वर्षानुवर्षं वरचढ असणाऱ्या चुका त्याच सहा प्रकारच्या: फिकी अक्षरं, चित्राला वर्णन नाही, अर्जातल्या चौकटीला नाव नाही, लिंक रिकामी, बटण रिकामं, आणि पानाची भाषा सांगितलेली नाही. अवघड असं त्यात काही नाही. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा, हे तर मोजून देणारी साधनंसुद्धा फुकट आहेत.

“म्हणजे पंच्याण्णव टक्के जग चुकतंय,” मामा म्हणाले, “आणि तू राजारामपुरीत येऊन मला धरतीस.”

“मी राजारामपुरीचीच भाची आहे ना.”

ते हसले, पण लगेच पुढचा पत्ता टाकला. “बरं, नावं घालू. पण पिन टाकायचा कीपॅड आम्ही मुद्दाम मुका ठेवलाय, आणि आकडे दर वेळी जागा बदलतात. सुरक्षेसाठी. तुझा फोन जर पिन मोठ्यानं वाचायला लागला, तर शेजारचा ऐकेल. हे तुझ्याच भल्याचं आहे.”

इथं मला राग आला, आणि तो मी लपवला नाही.

“मामा, शेजारचा ऐकेल म्हणून तुम्ही मला पिनच टाकू देत नाही. मग मी काय करते माहीत आहे? पिन दुसऱ्याला सांगते. माझं पहिलं खातं उघडलं तेव्हा माझा पिन आमच्या घरात चौघांना माहीत होता. आईला, दादाला, वहिनीला, आणि शेजारच्या एका मुलाला, कारण एकदा घरी कुणी नव्हतं आणि फी भरायची शेवटची तारीख होती. ही सुरक्षा? हेडफोन कशाला असतात? बोलणारी एटीएम आपल्या देशात २०१२ पासून आहेत. त्यात हेडफोन लावायचा, यंत्र माझ्या कानात बोलतं. बँकांनी तेव्हाच तो प्रश्न सोडवलाय.”

मामा काही बोलले नाहीत, म्हणून मी बोलत राहिले. हे मी कधी कुणाला सविस्तर सांगितलं नव्हतं. पगार किती झाला हे आपल्या आधी दुसऱ्याला कळतं, कारण तो मेसेज वाचतो. मैत्रिणीला हजार रुपये द्यायचे असले तर “कशाला?” या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. कुणी वाईट नसतं. सगळे प्रेमानं करतात. पण प्रेमानं करणाऱ्याला आज वेळ नसतो, उद्या त्याचा मूड नसतो, आणि आपण त्याच्या वेळेकडं कान लावून बसतो. २००८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून सांगावं लागलं होतं की अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर या सोयी नाकारू नका. त्याच्या आधी नाकारायचे. कारण हेच सांगायचे, तुमच्याच भल्याचं आहे, कुणी फसवेल. माझ्या आधीच्या पिढीतली शिकलेली, नोकरी करणारी अंध माणसं स्वतःच्या पैशांपुढं परकी उभी राहिली ती या भल्यापायी.

मामी बाहेर आल्या होत्या. कप ठेवल्याचा आवाज झाला. त्या म्हणाल्या, “अहो, ती म्हणते ते खरंय. माझं मोतीबिंदूचं झालं तेव्हा मलासुद्धा त्या फोनमधलं काही दिसत नव्हतं. आज ना उद्या सगळ्यांनाच लागणार हे.”

हा युक्तिवाद माझ्या बाजूचा आहे आणि तो सगळीकडं चालतो. तरी मी मामींना म्हटलं की मला तो फारसा आवडत नाही. तुमचा मोतीबिंदू दोन महिन्यांत बरा झाला. माझा हक्क तुमच्या मोतीबिंदूच्या आधारानं उभा राहावा असं मला वाटत नाही. उद्या कुणी असा निघाला की ज्याला म्हातारपणीही चष्मा लागणार नाही, तरी त्याच्या अ‍ॅपमध्ये मला जाता आलंच पाहिजे.

“पण आहेत किती अशी माणसं?” मामांनी पुन्हा धंद्याचा सूर धरला. “देशात असतील. माझ्या सभासदांत?”

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. तेव्हा मोजणीत आठच रकाने होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. पण मामांना हा आकडा नको होता.

“तुमच्या सभासदांत किती ते तुम्हाला कळणार कसं? जो पहिल्या पडद्यावर अडकला त्याची नोंद तुमच्याकडं होतच नाही.”

“अडकला तर तक्रार करील की! एवढ्या वर्षांत एकही तक्रार नाही माझ्याकडं. एकही नाही.”

“तक्रारीचं पान बघू या?”

बघितलं. तक्रार पाठवायच्या आधी वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची होती. ती ऐकवायची सोय नव्हती. मी फोन मामांच्या हातात परत दिला.

“हां,” मामा म्हणाले.

मग त्यांनी मला जिथं धरायला हवं होतं तिथं धरलं. “तू मगापासून अंधांचंच बोलतीस. कायद्यात एकवीस प्रकार आहेत म्हणालीस.” ते बरोबर होतं. मला आधी माझंच दिसतं, हा दोष माझ्यात आहे. त्यांच्या एका संस्थेचं एटीएम कार्ड हरवलं तर ते बंद करायला फक्त फोन करता येतो. कर्णबधिर माणसानं काय करायचं? हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मामांच्या आलं. ओटीपी टाकायला तीस सेकंद असतात. ज्याचा हात थरथरतो त्याला ती पुरत नाहीत. मुदत संपण्याआधी तसं सांगा आणि वाढवून घ्यायला निदान वीस सेकंद द्या, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. मामांनी ते लिहून घेतलं. पेन चालल्याचा आवाज मला आला.

“मानकं पण किती,” ते म्हणाले. “सरकारी वेबसाइटची वेगळी, भारतीय मानक वेगळं, आणि तुझं ते आंतरराष्ट्रीय. आम्ही कुठलं धरायचं?”

यावर मी थोडक्यात उत्तर दिलं, कारण प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. सरकारी वेबसाइटसाठीच्या सूचनांची २०२३ ची आवृत्ती आणि भारतीय मानक आयएस १७८०२, दोन्हींच्या मुळाशी डब्ल्यूसीएजी हेच आंतरराष्ट्रीय मानक आहे. एक नीट धरलं की बाकीचं बरंचसं त्यात येतं.

जास्त वेळ गेला तो मराठीवर. मामा अभिमानानं म्हणाले होते की आमचं सगळं मराठीत आहे, वार्षिक अहवालसुद्धा. मला तो अहवाल मिळाला. मी तो उघडला आणि वाचनयंत्र इंग्रजी अक्षरांची खिचडी बोलायला लागलं. हा आमच्या, म्हणजे मराठी अंध वाचकांच्या, वाट्याला आलेला खास त्रास आहे, आणि कुठल्याही परदेशी तपासणी यादीत तो ठळकपणे सापडत नाही. जुन्या फाँटांमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या घरात बसवलेलं असतं. कृतिदेवमध्ये ‘काम’ लिहिलं की डोळ्यांना ‘काम’ दिसतं, पण फाइलच्या पोटात असतात डी, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं. माझं यंत्र पोटातलं वाचतं. युनिकोड येऊन किती वर्षं झाली, तरी नोटिसा, अहवाल, निविदा अजून जुन्या फाँटांत निघतात, किंवा छापून, सही-शिक्का मारून, फोटो काढून चढवल्या जातात. फोटोत तर पोटात काहीच नसतं. मराठी वाचवायच्या गोष्टी आपण पुष्कळ करतो. माझ्यासारख्या वाचकाला मराठी कागद मिळतच नाही, आणि शेजारच्या इंग्रजी पानावर मात्र सगळं वाचता येतं, तेव्हा मी कुठल्या भाषेकडं ढकलली जाते?

“आमची छपाईची जुनी सिस्टीम त्याच फाँटांत आहे,” मामा म्हणाले. “मोबाइलवर ती अक्षरं दिसायची नाहीत. म्हणून आम्ही आता चित्रच करून पाठवतो. एकदम स्वच्छ दिसतं.”

मी त्या वेळी त्यावर जास्त बोलले नाही. सहा वाजत आले होते, आणि पत्राचा मुद्दा राहिला होता.

मामांचा धाकटा प्रोग्रॅमर वर आला होता. त्यानं सुचवलं की एक तयार तुकडा मिळतो, पानावर चिकटवला की कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, आणि साइट आपोआप कायदेशीर होते. मी त्याला सांगितलं की असं वचन देणाऱ्या अ‍ॅक्सेसीबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये कारवाई केली आणि तिला दहा लाख डॉलर भरावे लागले. नाव नसलेल्या बटणाला बाहेरून कुणी खरं नाव देऊ शकत नाही. ते बटण कशाचं आहे हे फक्त ते करणाऱ्याला माहीत असतं.

“मग तूच दे प्रमाणपत्र,” मामा म्हणाले. “मी पैसे देतो. तुझा जो काय दर असेल तो.”

“महिन्यात नाही देता येणार, मामा.”

“भाची असून?”

“भाची आहे म्हणूनच. तुमच्या अ‍ॅपमध्ये मी लॉगिनच्या पुढं जाऊ शकले नाही. त्यावर मी सही कशी करू?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मामा दुखावले होते. मग ते जे बोलले ते मनापासूनचं होतं. “हे असं होतंय बघ. कायदा येतो चांगल्यासाठी. त्याच्या मागून सल्लागार येतात, फाइली येतात, शिक्के येतात. अंध माणूस जिथं होता तिथंच. मी पंचवीस वर्षांत असे किती कायदे बघितले.”

मी त्यांच्याशी पूर्ण सहमत होते. मी ऐंशी-ऐंशी पानांचे तपासणी अहवाल वाचले आहेत, ज्यांत एकाही अंध माणसानं ते अ‍ॅप उघडलेलं नव्हतं. यंत्र बघतं की चित्राला वर्णन आहे, आणि उत्तीर्ण करतं. वर्णन असतं ‘आयएमजी शून्य शून्य चार’. मामांचा आणि माझा मतभेद इथून पुढचा होता. कायद्याचा कागद होतो म्हणून कायदा नको, असं त्यांना वाटत होतं. मला वाटतं की कागद होतो कारण आपण विचारतोच चुकीचं. अ‍ॅप कायद्याप्रमाणे आहे का, असं विचारलं की प्रमाणपत्र हातात येतं. एखादा अंध सभासद कुणाला पिन न सांगता स्वतःची शिल्लक बघू शकतो का, असं विचारलं तर त्याला बोलवावं लागतं. न्यायालयानं वापरून बघायला सांगितलं ते यासाठी. आणि कायदा नसता तर मी आज मामांसमोर विनंती करत बसले असते. आज मी मागत होते. दोन्हींतला फरक माझ्या आवाजात मला ऐकू येत होता.

“बरं,” मामा शेवटी म्हणाले, “संस्थेला कळवतो की चार महिने लागतील. नवीन कामांत पहिल्यापासून घालू. जुन्याचं एकेक करू. पण दंडाचं माझं मत बदललं नाही. छोट्यांना आधी शिकवा, मग मारा.”

“माझंही बदललं नाही. शिकवायला सात वर्षं होती.”

“आणि वापरून बघायला माणूस कुठनं आणू? तू पुण्यात.”

“तुमच्या सभासदांतला बघा. आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट नाही.”

ते विचारात पडले. मग म्हणाले, “पन्हाळ्याकडच्या एका दूध संस्थेत एक म्हातारबा आहेत. दोन म्हशी आहेत. डोळ्यांनी दिसत नाही त्यांना. दर दहा दिवसांचं बिल सेक्रेटरी वाचून दाखवतो. पण ते कुठलं अ‍ॅप वापरणार.”

“विचारा तरी.”

मामांनी सेक्रेटरींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. नमस्कार-चमत्कार झाले, पावसाची चौकशी झाली. मग मामांनी विचारलं, “ते तुमचे दिसत नसलेले सभासद, त्यांच्याकडं फोन कसला आहे ओ? साधा?”

“नाही साहेब, मोठा आहे. नातवानं बोलणारा करून दिलाय. दिवसभर बातम्या ऐकत बसलेले असतात, व्हॉट्सअ‍ॅप करतात, सगळं करतात.”

“मग आपलं अ‍ॅप?”

“आहे की. उघडतात ते. फॅट किती, लिटर किती, तिथंपर्यंत बोलतंय म्हणे. बिलावर गेलं की गप्प होतंय. म्हणून येतात माझ्याकडं वाचून घ्यायला.” सेक्रेटरी थोडे थांबले. “मी सांगितलं होतं की तुमच्या ऑफिसात. दोन वेळा फोन केला होता.”

मामा काही बोलले नाहीत. पलीकडून हॅलो, हॅलो असा आवाज येत राहिला. मग त्यांनी पेन उचलल्याचं मला ऐकू आलं.

“त्यांचा नंबर द्या,” मामा म्हणाले. “नाही, तुम्ही नका विचारू. मीच बोलतो त्यांच्याशी.”